भावावर चोरीची केस आहे, घरची परिस्थिती बघून कोर्ट प्रोबेशन देतं का?

सांगलीची_लेक

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचतेय इथे, लिहितेय पहिल्यांदाच आणि तेही असल्या विषयावर. नावगाव देत नाही, जिल्हा सांगली एवढं पुरे.

माझा धाकटा भाऊ, आता २६ चा आहे. पाईप आणि मोटारींच्या एका एजन्सीत बिलिंग आणि वसुलीला होता, चार वर्षं. २०२२ च्या दिवाळीनंतर बाबांना तोंडाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन योजनेत बसलं पण त्याच्याभोवतीचा खर्च कुठल्याच योजनेत बसत नाही, मिरजेत भाड्याची खोली, नळीतून द्यायची पावडर, बाहेरून आणायची औषधं, रात्री-अपरात्री रिक्षा. मी तेव्हा बाळंतीण, मला उठता येत नव्हतं, आई बाबांच्या उशाशी, म्हणजे सगळं त्याच्या एकट्यावर. आधी मित्रांकडून हातउसने घेतले, मग पतसंस्था, मग ती मोबाईलवरची लोन ॲप. एकाचे फेडायला दुसरं, दुसऱ्याचे फेडायला तिसरं. त्या रिकव्हरीवाल्यांनी त्याच्या फोनमधल्या सगळ्या नंबरांवर त्याचा फोटो टाकून घाण घाण मेसेज पाठवले, माझ्या सासऱ्यांना सुद्धा आला.

त्या काळात त्याने गिऱ्हाइकांकडून आणलेली वसुली मालकाकडे भरली नाही. एकदाच नाही, फेब्रुवारी ते मे २०२३ मिळून ५३ हजार, आणि एकदा गल्ल्यातून ९ हजार. मी लपवत नाही, त्याने घेतले. मालकांनी त्याला कधी वाईट वागवलं नव्हतं, उलट बाबांच्या ऑपरेशनच्या दिवशी ते स्वतः येऊन गेले होते, म्हणूनच ते एवढे दुखावले असावेत. त्यांनी तक्रार दिली, दोन दिवस कोठडी झाली, जामीन झाला. जुलैत बाबा गेले. ऑगस्टमध्ये भावाने स्वतःला संपवायचा प्रयत्न केला, शेजारच्या काकांमुळे वाचला. तेव्हापासून सिव्हिलमध्ये मानसोपचाराच्या ओपीडीत उपचार चालू आहेत, गोळ्या अजून आहेत पण आता खूप बरा आहे, आतेभावाच्या नर्सरीत कामाला जातो, रोज.

चार्जशीट डिसेंबर २०२३ ला गेलं, कलम ३८१ (नोकराने मालकाकडे केलेली चोरी) आणि ४०८ (नोकराने केलेला विश्वासघात). आता केस बोर्डावर, म्हणजे सुनावणीला, आलीय. आमचे वकील म्हणतात कबूल करून टाका, दंड भरा, एका दिवसात मिटेल. भाऊ पण म्हणतो ताई मी केलंय, होऊ दे काय व्हायची ती शिक्षा. मला भीती वाटते की तो आत गेला तर परत तेच करून घेईल.

माझं विचारणं एवढंच, कोर्ट घरची परिस्थिती बघतं का? प्रोबेशन म्हणून काहीतरी असतं असं ऐकलं. ते कुणाला मिळतं, मागायचं कसं, आणि पुढे नोकरीचं काय? कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

---

काळा_कोट

ताई, आधी एक गोष्ट, पुढच्या तारखेला काहीही कबूल करू देऊ नका. निदान हा प्रतिसाद वाचून वकिलांशी नीट बोलेपर्यंत तरी नाही. मी खालच्या कोर्टात प्रॅक्टिस करतो, 'कबूल करा, दंड भरा' हे ट्रॅफिकच्या चलनाला ठीक आहे. ३८१ आणि ४०८ दोन्हीला सात वर्षांपर्यंत कैद आहे. कबुली दिल्यावर किती शिक्षा द्यायची ते मॅजिस्ट्रेटच्या हातात, दंडावरच सुटेल याची हमी तुमचे वकीलच काय कुणीच देऊ शकत नाही, आणि कबुलीवर शिक्षा झाली की अपिलात फक्त शिक्षा कमी-जास्त आणि कायदेशीर आहे का एवढंच भांडता येतं, मी केलं नाही असं म्हणायची दारं बंद होतात.

आता मुद्द्याचं. घटना २०२३ ची म्हणजे १ जुलै २०२४ च्या आधीची, म्हणून नवीन न्याय संहिता नाही, जुनं आयपीसीच लागतं, आणि केस तेव्हा चालूच असल्यामुळे प्रोसिजर पण जुनीच.

पहिला रस्ता तडजोडीचा, आणि तो कुणी तुम्हाला सांगितलेला दिसत नाही याचं मला वाईट वाटलं. ३८१ आणि ४०८ ही दोन्ही कलमं कोर्टाच्या परवानगीने मिटवता येतात, ज्याची मालमत्ता गेली त्या मालकाने संमती दिली पाहिजे. तशी तडजोड मंजूर झाली की आरोपी निर्दोष सुटल्यासारखाच धरला जातो, डाग राहत नाही. म्हणजे मालकांचे पैसे परत देणं आणि त्यांच्यासमोर जाऊन उभं राहणं हे तुमच्या भावाचं पहिलं काम. लोकअदालतीत पण ठेवता येईल. मालक नाही म्हणाले तर जबरदस्ती नाही, सारखं मागे लागायचं नाही, कुणाचा दबाव आणायचा नाही, ते उलटतं.

दुसरा, प्ली बार्गेनिंग, म्हणजे गुन्हा कबूल करून भरपाई आणि शिक्षेबाबत समझोता. नाव इंग्रजी सिनेमातलं वाटेल पण आपल्याकडे २००६ पासून आहे, सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांना. आरोपीने स्वतःहून अर्ज करायचा, मॅजिस्ट्रेट त्याला एकट्याला विचारतात की हे तू मनाने करतोयस ना, मग फिर्यादी, सरकारी वकील सगळे बसून नुकसानभरपाई ठरवतात आणि त्यातसुद्धा प्रोबेशनवर सोडता येतं. वापरलं फार कमी जातं, पण तुमच्या केसला फिट्ट बसतं.

तिसरं म्हणजे तुम्ही विचारलंय ते. अपराधी परिवीक्षा अधिनियम १९५८, म्हणजे प्रोबेशनचा कायदा. यात कलम ३ मध्ये समज देऊन सोडणं आहे, आधी शिक्षा झालेली नसेल आणि गुन्हा ठराविक यादीतला असेल तर. गंमत म्हणजे त्या यादीत ३७९, ३८०, ३८१, ४०४ आणि ४२० नावानिशी आहेत. पण ४०८ नाही. म्हणून तुमच्या भावासाठी मुख्य आधार कलम ४, चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर, म्हणजे लेखी हमीवर, सोडणं. ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही तिथे ते लागू होऊ शकतं, बाँड जास्तीत जास्त तीन वर्षांचा, जामीनदारासह किंवा त्याशिवाय. कोर्ट गुन्ह्याचं स्वरूप, आरोपीची वागणूक आणि केसची एकूण परिस्थिती बघतं. कलम ५ प्रमाणे फिर्यादीला भरपाई पण त्याच ऑर्डरमध्ये देववता येते. २१ च्या खालच्यांना कलम ६ चं जास्त संरक्षण आहे, तुमचा भाऊ त्यात येत नाही. आणि जिथे प्रोबेशन देता आलं असतं तिथे ते दिलं नाही तर मॅजिस्ट्रेटला खास कारणं लिहावी लागतात, ते जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (सीआरपीसी) ३६१ मध्ये आहे, तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ४०२. वकिलांना म्हणावं शिक्षेवरच्या युक्तिवादात हे कलम तोंडी नाही, लेखी द्या.

लक्षात घ्या, प्रोबेशन दोषी ठरल्यानंतर येतं. ती सुटका नाही, शिक्षा पुढे ढकललेली असते.

परिस्थिती कोर्ट बघतं का, तर एक खरी केस सांगतो, मी हा कायदा ज्युनिअर मुलांना शिकवताना नेहमी हीच सांगतो. शंकर दास विरुद्ध भारत सरकार, सुप्रीम कोर्ट, १९८५. हा माणूस दिल्लीच्या सरकारी दूध योजनेत कॅश क्लार्क. त्याने ५०० रुपये भरले नाहीत. त्या वर्षात त्याच्या घरात काय झालं होतं तर मोठा मुलगा गेला, बायको वरच्या मजल्यावरून पडून जबर जखमी झाली, मग मुलगी आठ महिने आजारी. त्याने पैसे परत केले, गुन्हा कबूल केला. मॅजिस्ट्रेटने लिहिलं की हा सराईत नाही, परिस्थितीच्या रेट्याखाली त्याच्या हातून हे झालं, आणि प्रोबेशनवर सोडला. पुढे खात्याने त्याला नोकरीवरून काढलं. तो वरपर्यंत भांडत गेला, आणि सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड, आपल्या पुण्याकडचे, त्यांच्या खंडपीठाने त्याला मागच्या पगारासकट परत घ्यायला लावलं. पण त्याच निकालात हेही आहे की प्रोबेशन मिळालं म्हणून नोकरीवरून काढताच येत नाही असं नाही. प्रोबेशन कायद्याच्या कलम १२ मुळे शिक्षेमुळे लागणारी कायद्यातली अपात्रता लागत नाही, पण दोषी ठरलो ही गोष्ट पुसली जात नाही. म्हणून पुढे सरकारी भरतीचा फॉर्म भरताना केसची माहिती विचारली असेल तर खरी भरायची. गुन्ह्यापेक्षा लपवल्यामुळे नोकऱ्या गेलेली पोरं मी जास्त बघितलीत.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, जिल्हा कोर्टाच्या आवारातच असतं. हेल्पलाईन १५१००.

---

बाजारपेठ

माझं मत कुणाला आवडणार नाही पण लिहितो, कारण मी त्या मालकाच्या बाजूला उभा राहिलेला माणूस आहे. माझं होलसेल किराणा. २०१८ ला माझ्या मुनीमजींनी पावणेदोन लाख काढले, दीड वर्ष, रोज थोडे थोडे. बारा वर्षं माझ्याकडे होते, माझ्या मुलीच्या बारशाला त्यांच्या बायकोने पाळणा म्हटला होता. कोर्टात त्यांचे वकील म्हणाले मुलाची फी होती, आईचं डायलिसिस होतं. असेल, खोटं नव्हतं. पण माझ्याकडे तेव्हा अजून सहा माणसं कामाला होती, त्यांच्याही घरी आया होत्या, एकाची तर अंथरुणाला खिळलेली. त्याने नाही काढले. त्याने माझ्याकडे येऊन ॲडव्हान्स मागितला आणि मी दिला. मग ज्याने मागितले त्याचं काय आणि ज्याने न सांगता घेतले त्याची परिस्थिती मोठी कशी काय झाली?

दुसरं, या सगळ्यात मला कुणी विचारलं नाही. साक्षीला बोलावलं, बिलबुकं दाखवली, घरी आलो. पेपरात असतं की गुन्हेगाराच्या मनाचा विचार व्हावा. व्हावा की. माझी दीड वर्षं झोप उडाली होती, प्रत्येक नोकराच्या हाताकडे बघायचो, चांगल्या पोरांवर संशय घेतला, त्यातला एक सोडून गेला. त्याचा रिपोर्ट कुणी करायचा?

ताई तुमच्या भावाबद्दल मला राग नाही. तो ज्या स्थितीतून गेला ते वाचून पोटात तुटलं. पण मालकांना 'तो आजारी होता' हे पहिलं वाक्य ऐकवू नका. पहिलं वाक्य 'मी घेतले' हे असू द्या, आणि ते त्याने म्हणावं, तुम्ही नाही.

---

निवृत्त_ताई

सांगलीच्या ताई, मी परिवीक्षा अधिकारी म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. आपल्या राज्यात हे काम महिला व बालविकास विभागाकडे येतं, म्हणून लोकांना वाटतं प्रोबेशन ऑफिसर म्हणजे फक्त लहान मुलांच्या केसेस. तसं नाही, मोठ्यांच्या केसेसचा अहवाल पण आम्हीच करायचो. आणि हे काही नवीन नाही, जुन्या मुंबई इलाख्याचा स्वतःचा प्रोबेशन कायदा १९३८ चा आहे, देशाचा कायदा त्यानंतर वीस वर्षांनी आला.

बाजारपेठ दादा, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. तुम्हाला कुणी विचारलं नाही ही आमच्या कामातली उणीवच आहे. मी फिर्यादीकडे जायचे, सगळे जायचे असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही, कारण एका माणसाकडे कामं असतात ढीगभर आणि कोर्ट पंधरा दिवसांत अहवाल मागतं. पण मी गेले की अर्ध्या वेळा असं व्हायचं की फिर्यादीला शिक्षेपेक्षा दुसरंच काहीतरी हवं असायचं. एका बाईंच्या घरातून मोलकरणीने सोन्याची पोत नेलेली, त्या मला म्हणाल्या तिला तुरुंगात घालून माझी पोत येणार आहे का, मला फक्त एकदा कळू दे की तिने माझीच का नेली. हे अहवालात लिहिलं की मॅजिस्ट्रेट वाचतात.

आता अहवालात काय जातं ते सांगते म्हणजे तुम्हाला तयारी करता येईल. आम्ही घरी येतो, न सांगता पण येतो. शेजाऱ्यांशी बोलतो, आत्ता जिथे काम करतो तिथे जातो, शाळेचं बघतो, आधीचं काही पोलीस रेकॉर्ड आहे का बघतो. कर्ज किती राहिलंय, कोण फेडतंय, घरात निर्णय कोण घेतं, औषधं वेळेवर घेतो का, त्याच्याशी रोज बोलणारं कुणी आहे का. या सगळ्याचा सूर एकच, हा माणूस बाहेर राहिला तर परत असं करेल का, आणि नाही करणार तर कशाच्या जोरावर नाही करणार.

इथेच बहुतेक घरं चुकतात. कोर्टात रडतात, परिस्थिती सांगतात, पण ती सगळी मागची परिस्थिती असते. बाबांचा कॅन्सर, ॲपवाले, ते झालं, त्याने हे का घडलं ते कळतं. पण मॅजिस्ट्रेटला सही करायची असते पुढच्या तीन वर्षांवर. म्हणून मागच्या कागदांबरोबर पुढचे कागद द्या. सिव्हिलचा केसपेपर आणि डॉक्टरांचं पत्र की उपचार नियमित चालू आहेत. नर्सरीवाल्या आतेभावाचं पत्र की रोज येतो, पगार इतका. ॲपची कर्जं मिटल्याची किंवा हप्ते चालू असल्याची कागदं. मालकांना दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती. बाबांची डिस्चार्ज समरी आणि मृत्यूचा दाखला तर लागतीलच.

अहवाल मागवण्याचा अर्ज तुमच्या वकिलांनी करावा, कोर्ट आपणहून मागवेलच असं नाही. सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी वेद प्रकाश केसमध्ये लिहून ठेवलंय की आरोपीची सामाजिक पार्श्वभूमी गोळा करणं हे शिक्षा देणाऱ्या कोर्टाचं काम आहे, वकील पुढे आले नाहीत तरी. पण रोजचा बोर्ड केवढा असतो बघताय ना, तुम्ही मागितलंत तर होतं. अहवाल गोपनीय असतो, पण कोर्ट त्यातला सारांश तुम्हाला सांगू शकतं आणि तुमचं म्हणणं मांडायची संधी देऊ शकतं.

आणि कृपा करून अधिकाऱ्यापासून काही लपवू नका. ऑगस्टमध्ये जे झालं ते बऱ्याच घरांत 'पोटात दुखत होतं म्हणून ॲडमिट केलं' असं सांगतात, लाजेपायी. ते सांगा. त्याच्यासाठी लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही, आणि त्याला रात्री-बेरात्री कधीही वाईट वाटलं तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर त्याच्या फोनमध्ये ठेवा, फुकट आहे, मराठीत बोलतात.

---

नवखा_वाचक

चोरी पाच हजाराच्या आतली असली तर समाजसेवा करून सुटतात असं नवीन कायद्यात आहे ना? ते यांना नाही का लागू?

---

काळा_कोट

नाही. ते न्याय संहितेच्या ३०३ मध्ये साध्या चोरीसाठी आहे, पाच हजारापेक्षा कमी रक्कम, पहिलाच गुन्हा आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केलेली असेल तर. इथे रक्कमही जास्त आणि घटनाही आधीची, शिवाय नोकराने केलेल्या चोरीचं कलम वेगळं आहे.

---

मी_बाँडवर_होतो

खूप विचार करून लिहितोय. मी दोन वर्षं प्रोबेशनवर होतो. कलम ३२५. दारूत शेजाऱ्याचा हात मोडला, पार्किंगवरून. तो माणूस माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा, माझ्या वडिलांना दादा म्हणायचा. माझी बायको तेव्हा मुलीला घेऊन माहेरी गेलेली, नोकरी सुटलेली, सकाळपासून प्यायचो. ही माझी 'परिस्थिती'. पण खरं सांगायचं तर नोकरी दारूमुळे गेली होती आणि बायको पण. लोकांना परिस्थिती सांगताना मी हे उलट्या क्रमाने सांगायचो, परिस्थितीमुळे पितो म्हणून. आमच्या प्रोबेशनच्या बाईंनी पहिल्याच भेटीत तारखा विचारल्या, नोकरी कधी गेली, दारू कधीपासून, बायको कधी गेली, आणि कागदावर ओळीने मांडून माझ्यासमोर ठेवल्या. बोलल्या काहीच नाहीत.

कोर्टाने दोन वर्षांचा बाँड, देखरेखीखाली राहायचं, दारू प्यायची नाही, गाव सोडायचं असेल तर सांगायचं, आणि शेजाऱ्यांना पंधरा हजार. व्यसनमुक्तीला आधीच ॲडमिट झालो होतो, त्याचं पत्र जोडलं होतं, त्याचा उपयोग झाला असं वकील म्हणाले. लोक म्हणतात सुटला, मजा आहे. मला कुणी विचारा. तुरुंगात कुणी तुम्हाला ओळखत नाही. मी रोज सकाळी त्याच जिन्यातून उतरायचो आणि काका प्लास्टर घालून दारात बसलेले असायचे. चार महिने ते माझ्याकडे बघायचे नाहीत.

आठव्या महिन्यात मामेबहिणीच्या लग्नात प्यायलो. दुसऱ्या दिवशी मी स्वतः जाऊन बाईंना सांगितलं कारण मला वाटलं कुणीतरी सांगणारच आहे. प्रकरण कोर्टात गेलं. मी बॅग भरून गेलो होतो, आई दारात उभी राहून रडत होती. अटी पहिल्यांदाच मोडल्या असतील तर बाँड तसाच चालू ठेवून दंड करता येतो असं कायद्यात आहे, आणि तो दंड किती तर जास्तीत जास्त पन्नास रुपये. १९५८ चा आकडा, तसाच आहे. त्यांनी मला पन्नास रुपये दंड केला आणि सांगितलं पुढच्या वेळी मूळ गुन्ह्याची शिक्षा. ती पावती माझ्या पाकिटात आहे अजून, अक्षर उडून गेलंय. त्या दिवसानंतर नाही घेतली, सहा वर्षं होतील येत्या श्रावणात.

ताई, तुमचा भाऊ म्हणतो होऊ दे शिक्षा. मी पण म्हणायचो. त्यात मला स्वतःला संपवायचंच होतं, फक्त दुसऱ्याच्या हाताने. त्याला हे कुणीतरी विचारा, आणि डॉक्टरांना पण सांगा की तो असं म्हणतोय.

---

बाजारपेठ

दादा, वाचलं. तुमच्या शेजाऱ्यांनी नंतर बघितलं का तुमच्याकडे?

---

मी_बाँडवर_होतो

पैसे मी पाच हप्त्यांत दिले. तिसऱ्या हप्त्याला काकूंनी चहा दिला. काका बोलायला लागले ते माझ्या मुलीमुळे, ती त्यांच्याकडे पतंग घेऊन गेली होती. मोडलेल्या हाताने त्यांना मांजा धरता येत नव्हता, ते मी गॅलरीतून बघितलं. ते अजून जात नाही डोळ्यासमोरून.

---

घाटमाथा

इथे सगळे प्रोबेशनच्या बाजूने बोलतायत म्हणून एक बाजू राहू नये. माझे वडील रस्त्याच्या कडेने चालताना ट्रकखाली गेले. ड्रायव्हर गरीब, तीन मुली, आम्हाला पण ते कोर्टात सांगितलं गेलं. मला त्या मुलींचं वाईट वाटलं, आजही वाटतं. पण सुप्रीम कोर्टाने २००० साली दलबीर सिंग केसमध्ये सांगितलंय की बेदरकार गाडी चालवून जीव घेतला तर प्रोबेशनचा विचार करायचा नाही, आणि मला ते बरोबर वाटतं. तिथे परत करण्यासारखं काही नसतं. पैशाच्या केसमध्ये पैसे परत देता येतात, मोडलेला हात निदान जुळतो. म्हणून ताईंच्या भावाला मिळावं असंच मला वाटतं, फक्त सगळ्यांना एकच माप लावू नये.

---

निवृत्त_ताई

घाटमाथा, तुमच्या वडिलांबद्दल वाईट वाटलं. आणि तुम्ही म्हणता ते खरंय, कायद्यानेच सगळ्यांना एक माप लावलेलं नाही. जन्मठेपेच्या गुन्ह्यांना कलम ४ नाही, भ्रष्टाचाराच्या कायद्याला नाही. अमली पदार्थांच्या कायद्यात साधारणपणे नाही, पण जो स्वतः व्यसनी आहे आणि सेवनासाठी सापडलाय त्याला कलम ३९ खाली उपचारासाठी बाँडवर सोडता येतं. विकणारा आणि ओढणारा यांच्यात कायदा फरक करतो.

---

सांगलीची_लेक

सगळ्यांचे खूप आभार. तीन आठवड्यांनी येतेय, मुद्दाम थांबले होते सांगण्यासारखं काही होईपर्यंत.

तुमचे प्रतिसाद भावाला वाचायला दिले. 'मी_बाँडवर_होतो' दादांचा शेवटचा परिच्छेद वाचून तो उठून गच्चीवर गेला, मी मागे गेले, बराच वेळ आम्ही दोघं काही बोललो नाही. पुढच्या ओपीडीला त्याने स्वतः डॉक्टरांना ते सांगितलं. गोळी बदललीय आणि आता दर आठवड्याला समुपदेशन आहे.

वकील बदलले नाहीत, पण त्यांना काळा_कोट दादांनी लिहिलेलं दाखवलं. आधी जरा रागावले, मग म्हणाले ठीक आहे, तडजोडीचा प्रयत्न करून बघू, नाही झालं तर प्ली बार्गेनिंगचा अर्ज, आणि प्रोबेशन अधिकाऱ्यांचा अहवाल मागवायचा अर्ज तयार ठेवतो.

मागच्या गुरुवारी भाऊ मालकांकडे गेला. वकिलांनी आधी मालकांच्या वकिलांना फोन करून विचारलं होतं, ते हो म्हणाले मगच. मी सोबत होते पण बाहेर स्कूटीजवळ थांबले, बाजारपेठ दादांनी सांगितलं होतं तसं. आईने पाटल्या मोडून २५ हजार दिले होते, नर्सरीच्या पगारातले त्याचे ७. दहा मिनिटांनी बाहेर आला तो पांढराफटक. मी विचारलं काय म्हणाले, तर म्हणाला, मी घेतले एवढंच मला म्हणता आलं, पुढचं सगळं विसरलो. मालक म्हणाले मला आधी का नाही मागितलेस. तो म्हणाला तुम्ही ऑपरेशनच्या दिवशी आला होता म्हणून मागता आलं नाही. मग ते बराच वेळ गप्प बसले म्हणे. तडजोडीला हो म्हणाले नाहीत, नाही पण म्हणाले नाहीत, मुलाशी बोलतो म्हणाले. पैसे घेतले आणि ३२ हजाराची पावती दिली, बिलबुक काढून तो स्वतःच लिहायला बसला सवयीने, मग थांबला, तर ते म्हणाले लिही, सही मी करतो.

तारीख १९ ची आहे. एक शेवटचं विचारायचंय, निवृत्त ताई किंवा काळा_कोट दादा सांगा. तडजोड झाली नाही आणि बाँडवर सोडायची वेळ आली तर जामीनदार कोण चालेल? आईच्या नावावर काही नाही, घर अजून बाबांच्याच नावावर आहे. मामा तयार आहेत पण ते बेळगावला असतात.

---

काळा_कोट

बाँड जामीनदाराशिवाय पण होऊ शकतो, ते कोर्टावर आहे. आणि कायद्याला एवढंच हवं की आरोपीचा किंवा जामीनदाराचा, दोघांपैकी एकाचा, राहायचा पक्का पत्ता किंवा नियमित कामधंदा कोर्टाच्या हद्दीत, किंवा बाँडच्या काळात आरोपी जिथे राहणार तिथे असावा. भाऊ घरी राहतो, रोज नर्सरीत जातो, तेवढं चालतं. रेशनकार्ड आणि आतेभावाचं पत्र ठेवा. तरी कोर्टाने जामीनदार मागितलाच तर आतेभावालाच घ्या, जवळचा माणूस बरा. घराची वारसनोंद मात्र या निमित्ताने करून टाका. १९ ला काय होतं ते कळवा.

---

निवृत्त_ताई

आणि ती ३२ हजाराची पावती लॅमिनेट करू नका, ओरिजिनल कोर्टात द्यावी लागेल. आधी दोन झेरॉक्स काढून ठेवा.